‘मला राहवलं नाही’ : फ्रॉइडचं ‘इड’ मराठीतून समजून घेताना

‘त्याचा इगो दुखावला’ हे वाक्य आता सोसायटीच्या वार्षिक सभेपासून भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत कुठेही ऐकू येतं. शब्द इतका मुरलाय की तो मराठी नाही असं सांगावं लागतं. ज्या घराण्यातून तो आला, त्यातलं थोरलं भावंड म्हणजे ‘इड’. त्याचं नाव मात्र एखादा भीषण गुन्हा घडल्यावरच निघतं. रात्रीच्या चर्चेत कुणीतरी ‘माणसातला पशू जागा झाला’ म्हणतो, दुसरा ‘फ्रॉइडनं सांगूनच ठेवलंय’ अशी पुस्ती जोडतो, आणि ऐकणाऱ्याची समजूत होते की आपल्या प्रत्येकाच्या तळघरात एक राक्षस साखळदंडानं बांधून ठेवलेला आहे.

मोबाइलवर फिरणारं एक चित्र या समजुतीला खतपाणी घालतं. समुद्रात हिमनग, पाण्यावर इवलंसं टोक, त्यावर ‘इगो’. खाली काळोखात बुडालेलं अगडबंब ‘इड’. श्रेय अर्थातच फ्रॉइडला. गंमत अशी की फ्रॉइडच्या प्रकाशित लेखनात हा हिमनग सापडत नाही. १९२३ मध्ये त्यानं स्वतः काढलेली आकृती आहे ती साधारण बटाट्यासारखी, आणि त्या बटाट्याच्या एका अंगाला कानावर टोपी चढवावी तसा एक छोटा चौकोन. ही टोपी जरा वाकडीच बसलीय, असं त्यानंच लिहून ठेवलंय. पण बटाट्याचं रील होत नाही, हिमनगाचं होतं.

इड म्हणजे राक्षस नव्हे. मग काय? माझं म्हणणं असं की हे समजायला मराठी माणसाला फारसे कष्ट पडू नयेत. आपलं व्याकरण रोज तेच बोलत असतं.

## मूळ शब्द होता ‘ते’

सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) हा व्हिएन्नाचा डॉक्टर. लिहायचा जर्मनमध्ये. ज्या पुस्तकात त्यानं मनाचे तीन भाग (इड, इगो आणि आतून दटावणारा सुपरइगो) मांडले, त्याचं १९२३ सालचं नाव होतं ‘दास इश उंड दास एस’. ‘इश’ म्हणजे मी आणि ‘एस’ म्हणजे ते. पुस्तकाचं नाव सरळ ‘मी आणि ते’. कुठल्याही जर्मन पोराच्या तोंडी दिवसातून शंभरदा येणारे हे शब्द.

भाषांतर करणाऱ्यांना ते बहुधा फारच साधे वाटले. १९२७ मध्ये जोन रिव्हिएर यांचं इंग्रजी भाषांतर आलं, त्यात ‘मी’चा ‘इगो’ झाला आणि ‘ते’चं ‘इड’. दोन्ही लॅटिन, दोन्हींना डॉक्टरच्या चिठ्ठीचा वास. पुढे जेम्स स्ट्रेची यांच्या देखरेखीखाली फ्रॉइडचं लेखन २४ खंडांत इंग्रजीत आलं आणि हे शब्द जगभर पक्के झाले. म्हणजे ‘इगो’चा मूळ अर्थ गर्व किंवा ताठा असा नाहीच. किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवणारा, लोकल चुकली तर रिक्षा परवडेल का याचा हिशेब करणारा, लोकांत बोलताना जीभ आवरणारा जो ‘मी’, तो इगो.

मराठी पुस्तकांत या तिघांना इदम्, अहम् आणि पराहम् म्हणतात. ‘इदम्’ हा शब्द ज्यानं योजला त्याला दाद द्यायला हवी. संस्कृत ‘इदम्’ आणि लॅटिन ‘इड’ ही एकाच प्राचीन मुळातून फुटलेली सर्वनामं आहेत. शिवाय आपल्याकडे नपुंसकलिंग शाबूत आहे. जर्मनमध्ये मूल ‘एस’ असतं, तसं आपल्याकडेही ‘ते मूल’ असतं. कोकणात तर चेडू, म्हणजे मुलगीही नपुंसकलिंगीच. ब्रूनो बेटेलहाइम या मनोविश्लेषकाची इंग्रजी भाषांतरांवर तक्रार होती ती हीच. आपण सगळे कधीकाळी ‘ते’ होतो, ही आठवण त्या जर्मन शब्दात होती आणि लॅटिननं ती पुसली. मराठीत पुसायचं कारण नव्हतं. रूढ झालाय म्हणून मी पुढे ‘इड’ हाच शब्द वापरतो, पण वाचताना तुम्ही ‘ते’ वाचा.

## वाक्याचा कर्ता कोण?

‘मी चहा केला’ आणि ‘मला चहाची तल्लफ आली’ ही दोन वाक्यं शेजारीशेजारी ठेवा. पहिल्यात जे काही करायचं ते मी करतोय. दुसऱ्यात जे करायचं ते तल्लफ करतेय; ती आली, आणि मी म्हणजे नुसता तिचा पत्ता. भूक लागते, झोप येते, राग येतो, हसू फुटतं, रडू कोसळतं, मोह होतो, किळस येते. एकाही ठिकाणी ‘मी’ कर्ता नाही. ‘मला राहवलं नाही’ ही तर कमालच आहे, त्यात कर्ताच सापडत नाही. ‘माझ्या तोंडून निघून गेलं’ म्हणताना आपण शब्दांना पाय फोडतो आणि स्वतः बाजूला उभे राहतो. माझी आजी ‘मेलं मन ऐकतच नाही’ म्हणायची, तेव्हा तिचं मन म्हणजे घरातलं एक हट्टी तिसरं माणूस असायचं.

फ्रॉइडला ‘ते’ हा शब्द मिळाला तो ग्योर्ग ग्रोडेक या डॉक्टरकडून. हे गृहस्थ जर्मनीत बाडेन-बाडेनला दवाखाना चालवायचे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की आपण जगतो हा आपला गैरसमज आहे, ‘ते’ आपल्याला जगत असतं. (त्यांच्या आधी तत्त्वज्ञ नीत्शेनंही हा शब्द असाच वापरला होता, आणि फ्रॉइडनं त्याची नोंद केली आहे.) ग्रोडेक यांच्या मांडणीत गूढपणा पुष्कळ होता. फ्रॉइडनं शब्द उचलला, गूढपणा गाळला आणि ‘ते’ला नेमून दिलेलं काम काय ते लिहून काढलं.

## ‘ते’ला काय हवं असतं

रात्रीचे तीन वाजलेत आणि तान्हं बाळ भुकेलंय. आई दमलीय, दूध अजून कोमट व्हायचंय, शेजारी झोपलेत, यातलं काहीही त्याला ठाऊक नाही. हवं म्हणजे आत्ता हवं. फ्रॉइडच्या मते इडचा सगळा कारभार या एका नियमानं चालतो. नियमाचं नाव सुखतत्त्व.

मात्र ‘सुख’ म्हटल्यावर मेजवानी डोळ्यांपुढे आणू नका. फ्रॉइडच्या लेखी सुख म्हणजे ताण उतरणं. चार तासांच्या एसटी प्रवासात बस थांबायचं नाव घेत नाही, आपण पाय आवळून बसलोय, मग एकदाचा ढाबा येतो आणि आपण आडोशाला धावतो. त्यानंतर चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते फ्रॉइडचं सुख. काही मिळालं म्हणून आलेलं नव्हे, काही सुटलं म्हणून आलेलं.

बाळ रडून पाहतं. फ्रॉइडचा अंदाज असा की रडण्याआधी ते आणखी एक गोष्ट करत असावं: मागच्या वेळच्या दुधाची आठवण इतकी ठसठशीत आठवायची की जणू दूध मिळालंच. झोपेत ओठ चुकचुकणारी बाळं पाहिली की हे पटतं. पण कल्पनेनं पोट भरत नाही. त्या चटक्यातून बाळ हळूहळू शिकतं की बाहेर एक जग आहे, तिथे थांबावं लागतं, मागावं लागतं, कधी नुसतं हसून काम होतं. हे शिकलेलं जे अंग, तो ‘मी’. त्याच्या नियमाला फ्रॉइड वास्तवतत्त्व म्हणतो. म्हणजे ‘मी’ हा इडचा शत्रू म्हणून जन्मत नाही. इडचाच जो पापुद्रा बाहेरच्या जगाला सतत घासत राहिला, तो घट्ट होऊन ‘मी’ बनला. दुधावरची साय म्हणा हवं तर.

मोठेपणी ते जुनं बाळ जात नाही. इडला ‘नाही’ हा शब्द माहीत नसतो. परस्परविरोधी गोष्टी तिथे शेजारी नांदतात. एकाच माणसावर जीव ओवाळून टाकावा आणि त्याचाच गळा धरावा, दोन्ही एकदम. चांगलं-वाईट तिथे नाही. आणि मला सगळ्यात चटका लावते ती गोष्ट म्हणजे तिथे काळही नाही. पन्नाशीचा माणूस वाटणीच्या बैठकीत शेताच्या बांधावरून हमरीतुमरीवर येतो, तेव्हा त्याच्या आत कुठेतरी सात वर्षांचा पोरगा बसलेला असतो आणि धाकट्याच्या ताटातला मोठा आंबा अजून मोजत असतो. आंबा खाऊन झाला, झाड वठलं, आंबा देणारी आई गेली. त्याची तारीख इडच्या वहीत पडलेलीच नाही. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत फ्रॉइडनं इडला खदखदत्या कढईची उपमा दिली. कढईला घड्याळ कळत नाही.

## सुगरणीचं घरटं आणि बाळाचा अंगठा

इथे आणखी एका भाषांतरानं घोळ घातलाय. मराठीत ‘सहजप्रवृत्ती’ किंवा ‘उपजत प्रवृत्ती’ म्हटलं की आपल्याला प्राणी आठवतात. सुगरणीचा नर घरटं विणतो. त्याला कुणी शिकवणी लावलेली नसते, आणि ते घरटं उद्या चिमणीसारखं बांधून बघू असंही त्याच्या मनात येत नाही. काम ठरलेलं, रीत ठरलेली.

फ्रॉइडनं माणसासाठी बहुतेक जागी वेगळा शब्द वापरला, ‘ट्रीब’. हाकणं, रेटणं या अर्थाच्या क्रियापदावरून तो आलाय. झाडाला फुटलेल्या धुमाऱ्यालाही जर्मनमध्ये ट्रीबच म्हणतात. म्हणजे आतून येणारा रेटा. स्ट्रेची यांनी त्याचं ‘इन्स्टिंक्ट’ केलं आणि माणूस पुन्हा सुगरणीच्या रांगेत जाऊन बसला. मराठीत ‘प्रेरणा’ म्हणतात, ते जास्त बरं.

फरक अंगठा चोखणाऱ्या बाळाकडे पाहून कळतो. आधी बाळ दुधासाठी चोखतं, ती भूक. दुधाबरोबर ओठांना एक गोडी लागते. मग पोट भरल्यावरही ते चोखत राहतं: अंगठा, दुपट्याचं टोक, खुळखुळा, आईच्या साडीचा पदर. दुधाशी आता काही संबंध उरलेला नाही. भूक दुधानंच भागते, पण ही जी नवी ओढ जन्माला आली तिला अमुकच हवं असं नाही. इथे प्राण्याची वाट सुटते आणि माणसाची सुरू होते.

१९१५ च्या एका निबंधात फ्रॉइडनं प्रेरणेची चार अंगं सांगितली. ती शरीरातून उगम पावते, तिला जोर असतो, ताण उतरवणं हा तिचा हेतू असतो, आणि ज्याच्यावर किंवा ज्याच्याकडून तो उतरवायचा तो तिचा विषय. चारांपैकी विषय सगळ्यात सहज बदलतो, हे त्यानं ठासून सांगितलंय. आपल्याकडे हे तीन शब्दांत सांगून झालंय: वड्याचं तेल वांग्यावर. साहेबानं सगळ्यांसमोर झापलं, तिथे बोलता आलं नाही, घरी आल्यावर पोराच्या अक्षरावरून रामायण झालं. रागाचा जोर तोच, हेतू तोच, विषय तेवढा बदलला. आणि बदल नेहमी वाईटच होतो असं नाही. लहानपणी किडे चिरून बघणारा पोरगा पुढे शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होतो, तेव्हाही विषयच बदललेला असतो. त्याला उदात्तीकरण म्हणतात.

## ‘म्हणजे सगळं लैंगिकच ना?’

फ्रॉइडचं नाव निघालं की हा प्रश्न येतो, निदान डोळ्यांत तरी. त्याचा दोष काही अंशी फ्रॉइडकडेच जातो. ‘लैंगिक’ हा शब्द त्यानं इतका ताणला की त्यात बाळाचं चोखणं, आईची ऊब, मित्राची ओढ, कामातली तंद्री सगळं मावलं. आपण ज्याला माया, हौस, वेड, आसक्ती, प्रेम, वासना अशी सुटी नावं देतो, ती त्याला एकाच नदीचे फाटे वाटत होती. पटो न पटो, त्याचा दावा ‘तुम्ही फक्त संभोगाचा विचार करता’ इतका उथळ नव्हता.

दुसरं म्हणजे तो एका प्रेरणेवर कधीच थांबला नाही. सुरुवातीला त्यानं जीव वाचवण्याच्या आणि प्रेमाच्या अशा दोन प्रेरणा मानल्या. मग पहिलं महायुद्ध झालं. खंदकांतून परतलेले सैनिक रोज रात्री स्वप्नात तोच स्फोट पुन्हा पाहून किंचाळत उठत. सुखतत्त्वानं याचा उलगडा होईना. घरात त्याचा दीड वर्षाचा नातू दोऱ्याला बांधलेलं लाकडी रीळ पाळण्यापलीकडे फेकायचा, ‘गेलं’ अशा अर्थाचा हुंकार भरायचा, मग ओढून ‘आलं!’ म्हणायचा. फ्रॉइडला वाटलं, आई बाहेर जाते तो प्रसंग पोरगं खेळून काढतंय. पण दुखरा भाग, ‘गेलं’, तेच जास्त वेळा का? या सगळ्यातून १९२० मध्ये त्यानं नवी जोडी मांडली: जोडणारी, वाढवणारी जीवनप्रेरणा, आणि सगळा ताण मिटवून निर्जीवाच्या शांततेकडे परत नेणारी मृत्युप्रेरणा. तिचं तोंड बाहेर वळलं की ती विध्वंस करते. साबिना श्पीलराइन या विदुषीनं १९१२ मध्येच याच्या जवळपासचा विचार मांडला होता, आणि फ्रॉइडनं तळटीपेत तो मान्यही केलाय.

माझं मत विचाराल तर मृत्युप्रेरणा हा या इमारतीतला सगळ्यात कच्चा मजला आहे. त्याच्या अनुयायांपैकीही अनेकांनी तिथे पाऊल टाकलं नाही. मनोविश्लेषक मेलनी क्लाइन यांनी मात्र त्यावर पुढचं बांधकाम केलं. पण ज्या प्रश्नानं फ्रॉइड तिथवर गेला, तो जिवंत आहे. दुखतं ते माणूस पुन्हा पुन्हा का करतो? एका दारुड्याच्या घरातून सुटलेली मुलगी दुसऱ्या दारुड्याशीच लग्न का करते?

## घोडा, स्वार आणि सिगार

‘मी’ आणि ‘ते’ यांच्या नात्याला फ्रॉइडनं घोडेस्वाराची उपमा दिली. ताकद घोड्याची, दिशा स्वाराची. इथवर ती कीर्तनातही खपेल. पण पुढे तो जे म्हणतो ते खरं महत्त्वाचं: खाली पडायचं नसेल तर स्वाराला पुष्कळदा घोड्याला जिथे जायचंय तिथेच त्याला न्यावं लागतं, आणि मग आपणच नेलं असा समज करून घ्यावा लागतो.

लग्नाच्या पंगतीत बसलेला मधुमेही काका आठवा. जिलबी समोर येते. ‘अहो, आग्रह मोडवत नाही.’ ‘उद्या दोन फेऱ्या जास्त मारीन.’ ‘एकानं काय होतंय!’ ही सगळी सुसूत्र, सुशिक्षित वाक्यं स्वाराची आहेत. जिलबीकडे वळून घोडा केव्हाच निघालाय. आणि काकूची नजर भिडल्यावर घशात अडकणारा घास, तो तिसऱ्याचा: पराहमचा. आईबापांचे, समाजाचे ‘हे करू नकोस’ आत जाऊन बसले की त्यांचा पराहम् होतो, आणि काकू पंगतीत नसली तरी तो असतोच. बिचाऱ्या ‘मी’ला तीन मालक, असं फ्रॉइड म्हणतो: इड, पराहम् आणि बाहेरचं जग. तिघांची मागणी एकदम पुरवायची, तीही एका खिशातून.

हे लिहिणाऱ्या माणसाचा स्वतःचा घोडा? फ्रॉइड दिवसाला वीसच्या आसपास सिगार ओढायचा. १८९४ च्या सुमारास छातीचा त्रास झाला तेव्हा त्याचा डॉक्टर मित्र विल्हेल्म फ्लीस यानं बंदी घातली. फ्रॉइडनं सोडून पाहिल्या आणि पुन्हा धरल्या. १९२३ मध्ये, म्हणजे स्वाराची उपमा छापून आली त्याच वर्षी, त्याच्या जबड्याच्या कर्करोगावर पहिली शस्त्रक्रिया झाली. पुढच्या सोळा वर्षांत तीसहून जास्त झाल्या. टाळूचा भाग कापून तिथे कृत्रिम तुकडा बसवावा लागला, बोलणं आणि खाणं दोन्ही मुश्कील झालं. सिगार सुटली नाही. काही जणांना यात त्याच्या सिद्धांताचा पराभव दिसतो. मला तर तो त्या वाक्याचा सगळ्यात प्रामाणिक पुरावा वाटतो.

## ‘हे तर आपले षड्रिपूच की!’

काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. फ्रॉइडनं नवं काय सांगितलं? शिवाय कठोपनिषदात रथ आहेच: इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी, आत्मा रथात बसलेला.

साम्य आहे, आणि ते नाकारायचं कारण नाही. पण फरक दोन आहेत आणि दोन्ही मोठे. रिपू म्हणजे शत्रू. ते बाहेरून चाल करून येतात आणि त्यांना जिंकायचं असतं. इड शत्रू नाही, ते भांडवल आहे. घोडा मारला तर स्वाराला पायी जावं लागेल, असंही नाही. त्याला पायच नाहीत. ‘मी’ची सगळी ऊर्जा इडकडूनच उसनी आलेली असते. दुसरं, कठोपनिषदाच्या रथात मागे कुणीतरी निवांत बसलेलं आहे, ज्याला धूळ लागत नाही. फ्रॉइडच्या घोड्यावर असा प्रवासी नाही.

भारतातून फ्रॉइडशी वाद घालणारा माणूसही होता. डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. ते फ्रॉइडशी पत्रव्यवहार करायचे, आणि त्यात नुसती भक्ती नसायची. प्रत्येक इच्छेबरोबर तिची उलट इच्छाही मनात असते, असा त्यांचा स्वतंत्र सिद्धांत होता. १९३१ मध्ये फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला या संस्थेनं हस्तिदंती विष्णूमूर्ती भेट पाठवली. ती त्यानं आपल्या टेबलावर ठेवली.

## ‘दाबून ठेवलं तर स्फोट होणारच ना?’

या शंकेमागे कुकर आहे. वाफ कोंडली, शिट्टी झाली नाही, झाकण उडालं. म्हणून राग आला की उशी बडवा, ओरडून घ्या, ‘मोकळे व्हा’. हा सल्ला फ्रॉइडच्या नावावर खपवला जातो.

यात दोन गोष्टींची गल्लत आहे. फ्रॉइड ज्याला दमन म्हणतो ते दात ओठ खाऊन गप्प बसणं नव्हे. दमन म्हणजे राग आलाय हे स्वतःलाच कळू न देणं. तुम्हाला ठाऊक आहे की साहेबाचा राग आलाय आणि तरी तुम्ही हसून ‘हो सर’ म्हणालात, तर त्याला दमन म्हणत नाहीत, नोकरी म्हणतात. ज्या सुनेला ‘माझ्या सासूबद्दल मनात काहीच नाही’ असं मनापासून वाटतं आणि दर एकादशीला सासूच्या फराळात नेमकं मीठ जास्त पडतं, तिथे दमनाचा संशय घ्यावा.

आणि उशी बडवण्याचं म्हणाल तर ते तपासून झालंय. २००२ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी सहाशे विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. आधी त्यांना चिडवलं, मग काहींना चिडवणाऱ्याचा चेहरा आठवत पंचिंग बॅग बडवायला लावली. त्यांचा राग जास्त भडकला. दोन मिनिटं नुसतं बसवून ठेवलेले त्यांच्यापेक्षा शांत निघाले. रागाच्या बाबतीत तरी माणूस कुकर नाही.

## ‘मेंदूत ते दाखवा, मग मानू’

ही तक्रार रास्त आहे. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी ती धारदार केली. त्यांचं उदाहरण असं: एक माणूस मुलाला बुडवायला पाण्यात ढकलतो, दुसरा बुडणाऱ्या मुलाला वाचवताना स्वतःचा जीव देतो. फ्रॉइडवादी पहिल्यात दमन सांगेल, दुसऱ्यात उदात्तीकरण. जो सिद्धांत कुठल्याही निकालानं खोटा पडू शकत नाही, तो विज्ञान कसा? याला फ्रॉइडच्या बाजूनं धड उत्तर मी वाचलेलं नाही.

काही ठिकाणी तो खोटा पडलाही. मूल आईला चिकटतं ते दुधामुळे, हा विचार १९५८ च्या सुमारास हॅरी हार्लो यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात माकडाच्या पिल्लांवर पारखला. एक ‘आई’ तारेची, तिच्याकडे दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडाची, रिकामी. पिल्लं दूध पिण्यापुरती तारेकडे जायची आणि उरलेला दिवस कापडाला बिलगून काढायची. ताण उतरवणं हेच सगळं नाही, कुणीतरी हवं असणं ही स्वतंत्र भूक आहे. सुखतत्त्वालाही तडा गेलाय. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांच्या उंदरांवरच्या कामातून दिसलं की ‘हवं’ आणि ‘आवडतं’ यांची मेंदूतली यंत्रणा वेगवेगळी आहे. रात्री एक वाजता रील सरकवणाऱ्या अंगठ्याला हे सांगायला नको. मजा केव्हाच संपलेली असते, हवं मात्र संपत नाही.

तरी मेंदूविज्ञानानं इडला पुरतं हाकललं नाही. मेंदूसंशोधक याक पँक्सेप यांनी सस्तन प्राण्यांच्या मेंदूच्या खोल भागांत सात मूळ भावयंत्रणा दाखवल्या: शोध, संताप, भीती, कामेच्छा, माया, विरहाची घालमेल आणि चक्क खेळ. (गुदगुल्या केल्यावर उंदीर माणसाला ऐकू न येणाऱ्या पट्टीत चिवचिवतात, हेही त्यांच्याच प्रयोगशाळेतलं.) त्या आधारावर मार्क सोम्स या दक्षिण आफ्रिकी संशोधकानं २०१३ मध्ये फ्रॉइडला उलटा टांगला. मेंदूचा वरचा थर जवळजवळ नसताना जन्मलेली मुलंही हसतात, रडतात, रुसतात. म्हणजे वाटणं, जाणवणं याचा उगम खालच्या, जुन्या मेंदूत आहे. मग इड अंधारातलं कसं? जाणीव तिथूनच वर येते. उलट सवयीनं चालणारा आपला शहाणा ‘मी’च बराचसा झोपेत असतो. मला ही मांडणी पूर्ण पटलेली नाही, पण ‘राग आला’, ‘रडू आलं’ यातलं ‘आलं’ हे क्रियापद तिच्यात चपखल बसतं.

## मग जबाबदारी कुणाची?

इथे व्याकरण घातक ठरतं. मी काही केलं नाही, मला राग आला. मी मारलं नाही, माझा हात उठला. ‘पशू जागा झाला’ हे याच वाक्याचं मोठं भावंड.

फ्रॉइडनं ही पळवाट स्वतः बुजवली. १९२५ च्या एका टिपणात त्यानं प्रश्न घेतला: स्वप्नात आलेल्या दुष्ट इच्छांची जबाबदारी माझी का? उत्तर त्याला उघड वाटलं, माझीच. दुसऱ्या कुणाची असणार? ‘ते माझ्यात आहे पण मी नव्हे’ असं म्हटलं तर अनुभव लवकरच शिकवतो की ते नुसतं माझ्यात नसतं, अधूनमधून माझ्यातून कृतीही करतं. कायद्यानं जबाबदारी ‘मी’पुरती मर्यादित ठेवावी, ती व्यवहाराची सोय आहे, एवढी सूट त्यानं दिली.

कायदा ती मोजतो कशी, हे मुंबईनं पाहिलंय. २७ एप्रिल १९५९ ला नौदलाचे कमांडर नानावटी यांना पत्नीकडून तिच्या दुसऱ्या एका माणसाशी असलेल्या संबंधांविषयी कळलं. त्यांनी बायकोमुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर मिळवलं, आणि मग त्या माणसावर त्याच्या घरी गोळ्या झाडल्या. ज्युरीनं त्यांना निर्दोष म्हटलं. उच्च न्यायालयानं खुनाची शिक्षा दिली. १९६१ मध्ये ती कायम करताना सर्वोच्च न्यायालयानं घड्याळ समोर ठेवलं: दुपारी दीडला घर सोडलं, चार वीसला गोळ्या. तीन तासांत भान परत यायला हवं होतं. न्यायालयात फ्रॉइड नव्हता, पण प्रश्न नेमका तोच होता की ‘राग आला’ आणि ‘मी मारलं’ यांच्या मधल्या वेळात घोडा कुठे होता आणि स्वार कुठे.

मराठीत दोन्ही वाक्यं आहेत. ‘मला राग आला’ आणि ‘मी रागावलो’. मनोविश्लेषणाचा महिनोन्‌महिने चालणारा, खर्चिक, कंटाळवाणा खटाटोप पहिल्या वाक्याकडून दुसऱ्याकडे जाण्यासाठी असतो. फ्रॉइडचं त्यावरचं, १९३३ च्या त्याच व्याख्यानांतलं वाक्य असं: ‘जिथे ते होतं, तिथे मी यायला हवं.’ लगेच पुढे त्यानं उपमा दिली ती हॉलंडमधल्या झायडर झे या समुद्राच्या फाट्याची. तिथे बांध घालून, पाणी उपसून जमीन करण्याचं प्रचंड काम तेव्हा चालू होतं. मुख्य बांध १९३२ मध्येच पूर्ण झाला होता.

भराव घालून वसवलेल्या मुंबईच्या माणसाला ही उपमा हॉलंडवाल्यांपेक्षा जास्त कळावी. जुलैमध्ये मोठी भरती आणि धो धो पाऊस एकाच दुपारी गाठ पडले, की दादरच्या सखल हिंदमाता चौकात गुडघाभर पाण्यात उभं राहून सगळे विचारतात, एवढं पाणी आलं कुठून?